खाऱ्या पाण्याची हजामत

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर. या तालुक्यांतल्या विहिरींनी वऱ्हाडातल्या न्हाव्याला जेवढे छळले, तेवढे कुठल्या नाठाळ गिऱ्हाइकानेही छळले नसेल. सातपुड्यात उगम पावून पूर्णा नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर खोल गाळाची काळीभोर जमीन आहे आणि त्या गाळाच्या पोटात खारे पाणी आहे. हाच खारपाणपट्टा. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश, आणि त्यात जवळपास नऊशे गावे. इथल्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, ओलिताखाली आणलेले रान काही वर्षांत चोपण होते, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा तर विधिमंडळापर्यंत जाऊन आली आहे. या पाण्याने माणसांच्या गालांचे काय केले, ते मात्र फारसे कुणी लिहून ठेवलेले नाही.

दाढी केल्यावर गाल चरचरला, गळ्यावर लाल पुरळ उठले, दुसऱ्या दिवशी फुणश्या आल्या की दोष हमखास न्हाव्याच्या हाताला जातो. हात चुकतोच, नाही असे नाही. पण वऱ्हाडातल्या हजामतीचा मागोवा घेतला तर आरोपींची यादी लांबते, आणि तिच्या अग्रभागी पाणी येऊन बसते.

साबणाचा फेस ही वस्तऱ्याखालची घसरगुंडी. पाते कातडीला न ओरबाडता पुढे सरकावे म्हणून ती लागते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. आंघोळीनंतर बादलीच्या कडेला जो पांढरट थर धरतो, तोच हा. फेस होत नाही आणि जो होतो तो टिकत नाही. त्यातून पाण्यात साधे मीठही असेल तर साबण आणखी हट्टाला पेटतो. साबणाच्या कारखान्यात उकळत्या रसातून साबण वेगळा काढायला मीठच टाकतात. जुन्या काळच्या खलाशांना समुद्राच्या पाण्यात आंघोळ करायची तर खोबरेल तेलाचा खास साबण लागे, कारण त्या पाण्यात इतर साबण फेस धरत नसत. खारपाणपट्ट्यातला न्हावी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसून खलाशाचीच अडचण सोसत होता, आणि तीही खोबरेल साबणाशिवाय.

गावातल्या परिटाचेही दुखणे तेच. परीट आणि न्हावी या दोघा बलुतेदारांची रोजी पाण्याच्या गुणावर चाले. फरक एवढाच की कापड तक्रार करत नाही.

साबण यायच्या आधी काय होते? इथे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की या मुलखात न्हाव्याला म्हाली म्हणण्याची जुनी रीत आहे. राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत न्हावी, नाभिक, वारीक, हजाम यांच्या जोडीला म्हाली हे नावही येते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनहून निघाला. त्यात १९११ च्या खानेसुमारीनुसार मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मिळून या व्यवसायाचे सुमारे १ लाख ९० हजार लोक असल्याची नोंद आहे. या लोकांचे हत्यारघर म्हणजे धोकटी. तीत वस्तरा, कातर, नखे काढायची नराणी, चिमटा, आरसा, धार लावायचा दगड, चामड्याचा चामोटा आणि पाण्याची पितळी वाटी. सुगीला ज्वारीची रास पडली की बलुत्याचा वाटा मिळायचा, आणि त्या वाट्यावर वर्षभर घरोघरची डोकी-दाढ्या करायच्या.

दाढी नुसत्या पाण्यावर व्हायची. ऐकायला हे भयंकर वाटते, पण त्यात एक शहाणपण होते. आठ-पंधरा दिवसांची वाढलेली दाढी म्हाली ओल्या बोटांनी बराच वेळ चोळत बसे. कोरडा केस तांब्याच्या तेवढ्याच जाडीच्या तारेइतका चिवट असतो असे म्हणतात; दोन-तीन मिनिटे पाणी प्यायला की तो फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला फारसा विरोध करत नाही. या मऊ पडण्याला फेस लागत नाही, वेळ लागतो. फेसाचे काम पाणी केसावर धरून ठेवणे आणि पाते सरकवणे. भिजवणे हे पाण्याचेच. म्हालीकडे वेळ होता, कारण गिऱ्हाईकही ओट्यावर बसून गावगप्पा ऐकायलाच आलेले असे. अमावस्या-एकादशीला वस्तरा लावायचा नाही, घरात सुतक असले की वेगळे नियम, शिवाय जन्मवाराचे पथ्य. या सगळ्या धार्मिक बंधनांचा एक अनपेक्षित फायदा असा की कातडीला भरून यायला सवड मिळत गेली. वस्तरा केसांबरोबर कातडीच्या वरच्या निर्जीव थराचे कणही खरवडून नेतो. तो थर पुन्हा धरायच्या आत दुसऱ्यांदा पाते फिरले की आग होते. पंधरा दिवसांनी होणाऱ्या दाढीला ही भीती नव्हती.

रिठ्याचा फेस मात्र खाऱ्या पाण्याला भीत नाही. त्यातले फेसाचे द्रव्य साबणाच्या जातीचे नसल्याने कॅल्शियमशी त्याचे भांडण नाही. वऱ्हाडातल्या बायकांची केस धुण्याची सामग्री रिठा-शिकेकाईची होती. दाढीसाठी पुरुषांना ती का सुचली नाही, हा प्रश्न पुरुषांनाच विचारावा.

आता पोलादाकडे. सुश्रुतसंहितेत शल्यवैद्याच्या शस्त्रांची धार कशी असावी याची जी कसोटी दिली आहे ती न्हाव्याला पाठ असावी अशी आहे: शस्त्राने केस कापला गेला पाहिजे. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार नीट बसवायला शाल्मलीची, म्हणजे काटेसावरीची फळी, असेही तिथे सांगितले आहे. मेळघाटात फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली जी झाडे दिसतात ती हीच सावर. दगडावर धार काढायची आणि मऊ पृष्ठावर ती बसवायची हे दोन टप्पे तेव्हापासून आजवर बदललेले नाहीत. फळीच्या जागी चामोटा आला इतकेच. दगडावरून उतरलेली धार सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखी दातेरी दिसते. चामोट्यावर उलटसुलट फिरवल्याने तिचे वाकलेले दाते एका ओळीत येतात. ही पायरी टाळली की पाते केस कापत नाही, ओढते. ओढलेला केस मुळाशी दुखतो आणि तिथेच लालसर ठिपका उठतो.

केसासारखी मऊ वस्तू पोलाद बोथट कसे करते, याचा उलगडा अगदी अलीकडचा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पाते केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असले तरी केस तिरक्या कोनात पात्याला भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाच्या घडणीत थोडी असमानता असली की धारेचा बारीकसा टवका उडतो. झीज सावकाश होत नाही, टवके उडतात. अशा टवकेदार धारेने दाढी करणे म्हणजे गालावर अदृश्य ओरखडे काढणे.

खारपाणपट्ट्यात या टवक्यांच्या जोडीला गंज येतो. जुने वस्तरे साध्या कर्बयुक्त पोलादाचे. गावचा लोहार घडवी ते जाड पात्याचे. पुढे मुंबईहून भुसावळ-अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि परदेशी माल आत शिरायची वाट रुंदावली. इंग्लंडच्या शेफिल्डचे आणि जर्मनीच्या सोलिंगेनचे पोकळ घासलेले पातळ वस्तरे हिंदुस्थानच्या बाजारांत नावाजलेले होते. धार उत्तम, पण गंजायला दोघेही सारखेच उतावीळ. पाण्यातल्या क्लोराइडाने पोलाद लवकर गंजते आणि गंजाची सुरुवात सर्वांत पातळ जागेपासून, म्हणजे नेमकी धारेपासून होते. रात्री ओला राहिलेला वस्तरा सकाळी दिसायला ठीक असतो, गालाला मात्र तो वेगळा लागतो. म्हणून पाते कोरडे पुसून त्याला तेलाचा हात लावणे हा धंद्याचा नियम. आळशी न्हावी ओळखायची खूण म्हणूनही तो उपयोगी होता.

हाताचा दोष कुठे येतो? पाते कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरावे लागते. जास्त उभे धरले तर खरवडते, फार निजवले तर केसांवरून घसरते आणि मग तीच जागा दोनदा-तीनदा काढावी लागते. कातडी ताणणारा डावा हात वस्तरा धरणाऱ्या उजव्याइतकाच महत्त्वाचा. पण खरी गंमत ‘उलटी मारू का?’ या प्रश्नात आहे. केसांच्या वाढीच्या दिशेने एक हात आणि मग उलट दिशेने दुसरा. उलट्या हाताने गाल काचेसारखा गुळगुळीत होतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. ताणलेल्या कातडीवर उलटा वस्तरा केस इतका खालून कापतो की ताण सुटताच त्याचे टोकदार टोक कातडीच्या आत जाते. केस कुरळा असेल तर वाढताना वळून तो आतच घुसतो, आणि शरीर त्याला काटा समजून त्याच्याभोवती फोड उठवते. स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९५६ साली या विकाराचे नीट वर्णन केले. जंतूंशिवाय उठणारा, खोटा केसतोडच म्हणायचा. गळ्यावर केस एका दिशेने वाढतच नाहीत, भोवरे घेतात. त्यामुळे तिथे सुलटा हातही अर्धा उलटा ठरतो. बहुतेकांची तक्रार गालाबद्दल नसते, गळ्याबद्दल असते, ती यामुळे.

जंतूंचे प्रकरण वेगळे आणि जास्त गंभीर. म्हाली हा गावचा शल्यवैद्यही होता. रसेल-हिरालालांच्या ग्रंथात न्हाव्याच्या या दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र भाग आहे. गळू फोडायचे ते त्याच धोकटीतल्या हत्याराने, आणि धोकटी पुढच्या ओट्यावर दाढीला हजर. एक वस्तरा, एक वाटी, एक पंचा आणि अख्खी आळी, असा मामला. दाढीच्या केसांच्या मुळांत पू धरणाऱ्या विकाराला इंग्रजीत न्हाव्याच्याच नावाने ओळखत. तो मुख्यतः जिवाणूंमुळे होतो, पण त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा विकार बुरशीचा असतो, आणि ती बुरशी बहुधा गुरांच्या अंगावरून येते. शेतकरी गोठ्यात गाईच्या मानेला गाल लावतो, मग तोच गाल म्हालीपुढे करतो. कापसाच्या आणि बैलांच्या मुलखात असे दोन्ही विकार एकाच वाटीत भेटणे अवघड नव्हते. प्रतिजैविके येईपर्यंत असली पुवाळलेली दाढी महिनोन्‌महिने रेंगाळे.

या सगळ्यावर म्हालीकडे एकच इलाज होता: तुरटी. तुरटीचा ओला खडा फिरवला की बारीक चिरांतले रक्त थांबते, कातडी आक्रसते आणि जंतूंनाही थोडा आळा बसतो. तो झोंबतोही. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या माठातही हाच खडा फिरवत, कारण पाण्यातला गाळ तो खाली बसवतो. खारेपणा मात्र तुरटीने हटत नाही. खाऱ्या पाण्याने आधीच कोरड्या पडलेल्या कातडीवर तुरटी अति घासली की पुढचे दोन दिवस गाल ताणल्यासारखे राहतात, आणि दोष पुन्हा वस्तऱ्याला जातो.

रोजची दाढी ही वऱ्हाडातली नवी चाल. इंग्रजांनी १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार घेतला. एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला, हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती. ब्रिटिश लष्करात १९१६ पर्यंत वरच्या ओठावर वस्तरा लावायला बंदी होती, पण हनुवटी गुळगुळीत हवी. छावणीमागोमाग कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, अमरावती-अकोल्याच्या कापूस बाजारात दलाल आणि वकील आले. आठवड्याची दाढी एक दिवसाआड आणि मग रोज होऊ लागली. झाडाखालचा न्हावी दुकानात गेला आणि दुकानावर ‘केशकर्तनालय’ अशी संस्कृत पाटी चढली. खुर्ची आली, ब्रश आला, गोदरेजची दाढीच्या साबणाची गोल वडी आली. मग स्नो आला; मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो हे चेहऱ्याचे क्रीम १९१९ चे. सलूनमध्ये दाढीनंतर स्नो चोळायची जी चाल पडली तिचे आकर्षण सुगंधाचे होते, पण कोरड्या गालांना स्निग्धता मिळाली हेही खरे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मात्र स्नो फार काळ टिकत नसे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर घाम उतरतो, आणि घाम म्हणजेही खारे पाणीच.

वस्तऱ्याचा कायापालट एका भीतीने केला. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले आणि पुढच्या दशकात ‘नवीन ब्लेड लावा’ हे वाक्य खेड्यापाड्यांतल्या खुर्च्यांवरून ऐकू येऊ लागले. न्हाव्यांनी दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून तिचा अर्धा तुकडा वस्तऱ्याच्या खोबणीत बसवायला सुरुवात केली. एका ब्लेडीत दोन गिऱ्हाइके. काविळीचा विषाणू, एचआयव्ही, पुवाळलेली दाढी या सगळ्यांवर हा उतारा खरोखरच मोठा होता, आणि गंजाचाही प्रश्न संपला, कारण पाते रात्रभर राहतच नाही.

पण आग थांबली नाही, तिने फक्त कारण बदलले. अर्धी ब्लेड घडवलेल्या वस्तऱ्यापेक्षा कितीतरी पातळ आणि नवी असताना अतिशय जहाल असते. जाड पात्याचे वजन केसावर पडे आणि हाताला दाब द्यावा लागत नसे. हलक्या वस्तऱ्यात तो दाब मनगटातून येतो, आणि घाईत असलेले मनगट तो जास्तच देते. चामोटा भिंतीवरून उतरला. धार राखणे हेच ज्या धंद्याचे कसब, त्यातून धार राखणे गेले, आणि त्याबरोबर बोटांनी पाते जोखण्याची सवयही गेली. भिजवणे तर केव्हाच गेले होते. फवाऱ्याने दोन शिंतोडे, ट्यूबमधली क्रीम, आणि तीस सेकंदांत पाते गालावर.

याच काळात पाणीही बदलले. वान आणि शहानूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून खारपाणपट्ट्यातल्या गावांना नळाचे गोडे पाणी मिळू लागले. अकोट-तेल्हाऱ्याकडे ‘८४ खेडी योजना’ हे शब्द पत्त्यासारखे वापरले जातात. अकोला शहर काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते, अमरावती ऊर्ध्व वर्धाचे. पण नळ चार-आठ दिवसांआड आला की बोअरचे पाणी पुन्हा बादलीत येते, आणि सलूनच्या बादलीला तर शेवटचाच नंबर. पिण्यासाठी आरओचा जार विकत घेणारा दुकानदार दाढीसाठी तो वापरील अशी अपेक्षा कुणी करत नाही. वास्तविक एका दाढीला पेलाभर गोडे पाणी पुरते.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीनंतर जून २०२०च्या अखेरीस राज्य सरकारने सलून उघडायला परवानगी दिली ती केस कापण्यासारख्या निवडक सेवांपुरती. कातडीशी संबंधित सेवांना, म्हणजे दाढीला, मनाई होती. वस्तरा सरकारी आदेशाने धोकटीत गेला. त्या महिन्यांत कित्येकांनी ट्रिमर विकत घेतले, कित्येकांनी दाढी राखली आणि ती आवडल्यामुळे ठेवलीही. ट्रिमर केस कातडीच्या किंचित वर कापतो, टोक आत शिरत नाही. आत वळणाऱ्या केसांच्या रुग्णांना त्वचातज्ज्ञ हेच सुचवतात. अमरावती-अकोल्याच्या सलूनमध्ये आता खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘झिरो मशीन की वस्तरा?’ असा. लग्नसराईत, फोटोच्या आदल्या संध्याकाळी, बहुतेक नवरदेव अजूनही वस्तराच मागतात, आणि वर उलटी मारायलाही सांगतात.